युरोपातली जुनी प्रार्थनास्थळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या सहलीत दोन-चार शहरं झाली की बरेच जण म्हणतात, "चर्च बघून झाली, आता पुरे." गाईड सन-सनावळ्या सांगतो, उंची सांगतो आणि वीस मिनिटांत बसमध्ये बोलावतो. त्या वीस मिनिटांत हाती काही लागत नाही यात नवल नाही. या इमारतींशी बोलायचं तर एक प्रश्न सोबत असावा: ही वास्तू कोणाकोणाच्या हातून गेली? युरोपातलं जवळजवळ एकही जुनं प्रार्थनास्थळ एका काळाचं नाही, आणि पुष्कळशी एका धर्माचीही नाहीत. पुढची उत्तरं हे मनात धरूनच लिहिली आहेत.

चर्च, कॅथेड्रल, बॅसिलिका, ॲबी यांत फरक काय?

कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. तिथे बिशपचं आसन असतं. आकाराशी याचा संबंध नाही. लहानसं कॅथेड्रल असू शकतं आणि प्रचंड मोठं चर्च कॅथेड्रल नसू शकतं. जर्मनीतल्या उल्मच्या चर्चचा मनोरा १६१.५ मीटर उंच आहे, पण ते कॅथेड्रल नाही. ॲबी म्हणजे मठ आणि मठाचं चर्च. बॅसिलिका हा पोपने दिलेला मान असतो, शिवाय मधला उंच लांबट दिवाणखाना आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी अशा जुन्या रोमन धाटणीच्या बांधणीलाही तेच नाव आहे. व्हॅटिकनचं सेंट पीटर्स बॅसिलिका आहे, पण रोमच्या बिशपचं, म्हणजे पोपचं, कॅथेड्रल ते नव्हे. तो मान लॅटरनच्या सेंट जॉन चर्चचा.

जुनी देवळं पाडून त्यांवर चर्च बांधली, हे खरं का?

काही ठिकाणी पाडली, काही ठिकाणी आहे तीच वापरली. आज आपल्याला दिसतात ती अर्थातच दुसऱ्या प्रकारची.

सर्वांत ठळक उदाहरण रोमचं पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६च्या सुमारास ते पुरं झालं. त्याचा काँक्रीटचा घुमट आतून ४३.३ मीटर रुंद आहे, आणि लोखंडी सळई न वापरता बांधलेला इतका मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही दुसरा नाही. ६०९ साली सम्राट फोकासने ते पोप बोनिफेस चौथा याला दिलं आणि तिथे चर्च झालं. म्हणूनच ते टिकलं. शेजारच्या रिकाम्या पडलेल्या इमारतींचे दगड लोकांनी घरांसाठी नेले. इथे रोज पूजा होत राहिली, छताची डागडुजी होत राहिली. घुमटाच्या मध्यावर जे मोठं गोल भोक आहे त्यातून पाऊस सरळ आत येतो. जमीन मधून किंचित फुगीर ठेवली आहे आणि पाणी जायला फरशीत भोकं आहेत. बहुतेक जण वर बघत उभे राहतात. खाली वाकून ती भोकं जरूर बघा.

माझं स्वतःचं आवडतं उदाहरण मात्र सिसिलीतल्या सिराकुसाचं. तिथलं कॅथेड्रल म्हणजे इ. स. पूर्व पाचव्या शतकातलं अथेनादेवीचं ग्रीक मंदिर. खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतींनी बुजवल्या आणि चर्च झालं. बाजूच्या गल्लीतून चालताना भिंतीतून अर्धे बाहेर आलेले डोरिक खांब दिसतात. अडीच हजार वर्षं त्या जागी कोणी ना कोणी हात जोडत आलं आहे.

अथेन्सच्या पार्थेनॉनच्या नशिबी असं सुख नव्हतं. मंदिर, मग चर्च, मग तुर्की अमलात मशीद असा त्याचा प्रवास झाला. १६८७ साली तुर्कांनी तिथे दारूगोळा साठवला होता, त्यावर व्हेनिसच्या फौजेचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. आज जे भग्न पार्थेनॉन दिसतं ते काळाने झिजून तसं झालेलं नाही. मोठा घाव त्या एका स्फोटाचा आहे.

कोर्दोबाची ती प्रसिद्ध वास्तू मशीद की कॅथेड्रल?

आज कॅथेड्रल. पण उत्तर तेवढ्यावर थांबत नाही.

७८५च्या सुमारास पहिला अब्द अल-रहमान याने दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबात मशिदीचं काम सुरू केलं. पुढच्या दोनशे वर्षांत तिचा तीनदा विस्तार झाला. आत साडेआठशेहून अधिक खांब आहेत. सुरुवातीच्या भागातले खांब रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले, त्यामुळे रंग वेगळा, घडण वेगळी, उंचीही वेगळी. खांब बुटके आणि छत तर उंच हवं, म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान अशी दुमजली रचना केली. लाल वीट आणि फिका दगड आलटून पालटून लावला. आज ज्या दृश्यासाठी लोक तिथे जातात ते असं एका अडचणीतून निघालेलं आहे. मिहराबाभोवतीच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवतीच्या, सोनेरी मोझाइकसाठी कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) बायझंटाइन सम्राटाने कारागीर आणि साहित्य पाठवलं होतं. म्हणजे मुसलमान खलिफाच्या मशिदीला ख्रिस्ती सम्राटाची मदत.

१२३६ साली कॅस्टीलचा राजा तिसरा फर्नांडो याने शहर जिंकलं आणि मशिदीचं कॅथेड्रल झालं. तरी पुढची जवळजवळ तीनशे वर्षं मूळ बांधणीला फार धक्का लागला नाही. १५२३ साली बिशपने मधोमध उंच चर्च उभारायला घेतलं, तेव्हा विरोध कोणी केला? शहराच्या ख्रिस्ती नगरसभेने. पाडकामाला हात लावणाऱ्या मजुराला मृत्युदंड देऊ, असा हुकूम तिने काढला. शेवटी प्रकरण सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेलं आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. आज खांबांच्या त्या रानातून चालता चालता एकदम पांढरंशुभ्र उंच चर्च समोर येतं. काहींना ते खुपतं. मलाही खुपतं. पण ते मध्ये उभं राहिलं नसतं तर भोवतालची मशीद राखली गेली असती का, हाही विचार करावा लागतो.

याच इमारतीशी घंटांची एक गोष्ट जोडलेली आहे. ९९७ साली कोर्दोबाचा सेनापती अल-मन्सूर याने उत्तरेच्या सांतियागो दे कोंपोस्तेलावर स्वारी केली, तिथल्या चर्चच्या घंटा कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला आणवल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे झाले. १२३६ साली फर्नांडोने त्या मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या, असं इतिवृत्तं सांगतात. घंटांचा विषय शेवटाकडे पुन्हा निघेल, कारण आपल्याकडेही त्यांचं एक प्रकरण आहे.

हागिया सोफिया युरोपात मोडते का? आणि आता तिथे काय आहे?

इस्तंबूलच्या युरोपीय बाजूला आहे, म्हणून मोडते. सम्राट जस्टिनियनने ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत ती उभी केली. घाई नडली: ५५८ साली घुमट कोसळला, आणि ५६२ साली तो पूर्वीपेक्षा उंच करून बांधला. १२०४ साली ती लुटली ती मुसलमानांविरुद्ध धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती क्रुसेडरांनीच. १४५३ साली सुलतान मेहमेद दुसरा याने शहर घेतल्यावर तिची मशीद झाली, १९३५ साली संग्रहालय म्हणून खुली झाली आणि २०२० साली पुन्हा मशीद.

वरच्या सज्जात गेलात तर संगमरवरी कठड्यावर कोरलेली काही अक्षरं शोधा. ती उत्तर युरोपातली रून लिपी आहे. हाफदान नावाच्या कुणा व्हायकिंगने आपलं नाव तिथे खरवडून ठेवलं आहे. बायझंटाइन सम्राटांच्या पदरी उत्तरेकडचे भाडोत्री सैनिक असत. लांबलचक प्रार्थना चाललेली असताना त्यांपैकी कुणीतरी हा उद्योग केला असावा.

एकेक कॅथेड्रल बांधायला शेकडो वर्षं का लागायची?

तंत्र अवघड होतं, पण खरं कारण पैसा. पैसा आला की काम सुरू, आटला की बंद.

कोलोनचं कॅथेड्रल १२४८ साली सुरू झालं आणि १५६०च्या सुमारास थांबलं. अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवायची लाकडी यारी तशीच सोडून दिली होती. ती तिथे जवळजवळ चारशे वर्षं उभी होती; जुन्या चित्रांत कोलोन शहर ओळखायचं तर त्या यारीवरूनच. मग १८१४ साली दर्शनी भागाच्या मध्ययुगीन नकाशाचा अर्धा चर्मपट डार्मश्टाटमध्ये सापडला आणि दुसरा अर्धा १८१६ साली पॅरिसमध्ये. १८४२ साली काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० साली १५७ मीटर उंचीचे दोन्ही मनोरे पुरे झाले. नकाशा तेराव्या शतकाचा, छताला मात्र लोखंड एकोणिसाव्या शतकाचं. पाथरवटांची कार्यशाळा तिथे आजही चालू आहे.

पैसा जमवायच्या वाटाही नाना प्रकारच्या. फ्रान्समध्ये रूआं इथल्या कॅथेड्रलच्या एका मनोऱ्याला 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत लोणी खायची परवानगी हवी असेल तर लोकांनी पैसे भरायचे, आणि ते पैसे त्या बांधकामाला. सेंट पीटर्ससाठी पापमुक्तीची पत्रं विकली गेली. त्या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्यूथरने १५१७ साली आवाज उठवला आणि पश्चिम युरोपातला ख्रिस्ती समाज दुभंगला. एका इमारतीने इतकी किंमत वसूल केल्याची उदाहरणं थोडीच असतील.

बार्सिलोनाचं सग्रादा फमिलिया १८८२ पासून देणग्यांवर चालू आहे. वास्तुकार गाउदी १९२६ साली ट्रामखाली सापडून गेला, काम पुढे चालत राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये या चर्चने उल्मला मागे टाकलं आणि ते जगातलं सर्वांत उंच चर्च झालं.

गॉथिक म्हणजे नेमकं काय?

आधीच्या रोमनेस्क चर्चमध्ये दगडी छताचा सगळा भार भिंती पेलत. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान, आत अंधार. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या: टोकदार कमान, छताला दगडी फासळ्या, आणि थोड्याच काळात भिंतीला बाहेरून दिलेले दगडी टेकू. भार फासळ्यांतून खांबांत आणि खांबांतून टेकूंत गेला, भिंत मोकळी झाली आणि तिच्या जागी काच आली. पॅरिसजवळच्या सां-दनीच्या मठात महंत सुजे याने बांधवलेल्या गाभाऱ्याचं अर्पण ११४४ साली झालं. गॉथिकचा आरंभ तिथून मानतात.

पुढे उंचीची चढाओढ लागली. बोव्हेच्या लोकांनी ४८ मीटरचं छत उभारलं. १२८४ साली त्याचा काही भाग कोसळला. ते सावरलं आणि १५६९ साली वर १५० मीटरहून उंच मनोरा चढवला. तो चार वर्षांत पडला. पुढचा लांब भाग बांधायला पैसेच उरले नाहीत, आणि आजही बोव्हेचं कॅथेड्रल अर्धंच आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, ते बघावं.

रंगीत काचांमध्ये काय बघायचं? आणि जुनी काच वाहून खाली जाड होते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. जुन्या पद्धतीने केलेला तुकडा मुळातच सगळीकडे सारखा जाड नसे. नेहमीच्या तापमानाला काच वाहत नाही.

रंग काचेच्या रसातच मिसळलेला असतो: कोबाल्टचा निळा, तांब्याचा लाल, मँगनीजचा जांभळा. तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले. शार्त्रला जा. ११९४ साली आगीत जुनं कॅथेड्रल जळालं आणि नवं तीसेक वर्षांत बहुतांशी उभं राहिलं, म्हणून ते एकसंध वाटतं. पावणेदोनशेच्या आसपास खिडक्यांमधली बरीच काच बाराव्या-तेराव्या शतकातली आहे. खिडक्यांच्या खालच्या चौकटी नीट बघा: भट्टीवाले, चांभार, कातडं विकणारे, दारूची पिंपं वाहणारे गाडीवान आपापल्या कामात गढलेले दिसतात. संतांच्या पायाशी बाजारपेठ भरलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर या खिडक्या तुकडा तुकडा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये मनोऱ्यात जर्मन टेहळणी करत आहेत या संशयाने अमेरिकन तोफा कॅथेड्रलवर रोखल्या गेल्या. कर्नल वेलबोर्न ग्रिफिथ स्वतः आत शिरले, वर कोणी नाही याची खात्री केली आणि मारा थांबवायला लावला. त्याच दिवशी जवळच्या गावात ते लढताना मारले गेले.

जुनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, इतकी कमी का दिसतात?

कारण ती पुन्हा पुन्हा नष्ट करण्यात आली. या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही.

जर्मनीतल्या वर्म्समध्ये १०३४ साली सिनेगॉग उभं राहिलं. पहिल्या क्रुसेडपासून त्याच्यावर हल्ले होत गेले, दर वेळी ते पुन्हा बांधलं गेलं. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारात ते जाळलं, पुढे जमीनदोस्त केलं. १९६१ साली सापडतील ते जुने दगड घेऊन पुन्हा उभारलं.

एर्फुर्टच्या जुन्या सिनेगॉगची गोष्ट ऐकून गप्प व्हायला होतं. त्याचे सर्वांत जुने भाग १०९४च्या सुमाराचे आहेत. १३४९ साली, प्लेगच्या काळात, शहरातल्या ज्यूंची कत्तल झाली आणि इमारत कोठार म्हणून वापरात गेली. पुढे तिथे खानावळ आली, नाचाचा हॉल आला, भोवती इतर बांधकामं झाली आणि हे सिनेगॉग होतं याचा लोकांना विसर पडला. म्हणूनच नाझींच्या काळात ते वाचलं. २०२३ साली ते युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. आत लाकडी नाच-सज्जाही तसाच ठेवला आहे, आणि तो काढला नाही हे फार बरं झालं.

प्रागचं जुनं-नवं सिनेगॉग १२७०च्या सुमाराचं. तिथे आजही प्रार्थना होते. गॉथिक छताला साधारण चार फासळ्या असतात. इथे पाच आहेत. चार फासळ्यांचा क्रूस दिसतो, तो टाळायला पाचवी घातली, असं परंपरेने सांगतात.

मूर्तींची डोकी, चेहरे फोडलेले का दिसतात?

नेदरलँड्स, इंग्लंड, स्वित्झर्लंडमध्ये हे बहुतेक वेळा धर्मसुधारणेच्या, म्हणजे ल्यूथरनंतरच्या फुटीच्या, काळातलं काम. मूर्ती आणि चित्रं म्हणजे मूर्तिपूजा, असं मानणाऱ्या प्रोटेस्टंटांनी ती फोडली. १५६६ साली नेदरलँड्समध्ये याची लाटच आली. उत्रेख्तच्या डोम चर्चमध्ये एक कोरीव शिल्पपट आहे. त्यातल्या आकृतींचे कपडे, हात, चुण्या शाबूत आणि चेहरे तेवढे छिन्नीने सपाट केलेले. फ्रान्समध्ये मात्र हात क्रांतीचा. १७९३ साली पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या दर्शनी भागावरच्या राजांच्या पुतळ्यांची डोकी उडवली, ते फ्रान्सचे राजे आहेत असं समजून. होते बायबलमधले ज्यूंचे राजे. त्यांतली एकवीस डोकी १९७७ साली पॅरिसमध्ये एका वाड्याच्या आवारात पुरलेली सापडली.

नॉर्वेची लाकडी चर्च इतकी वर्षं कशी टिकली?

उभे खांब जमिनीत न पुरता दगडी पायावरच्या तुळयांत रोवले, आणि वरून पिढ्यान् पिढ्या डांबर फासलं. बोरगुंडचं चर्च ११८०च्या सुमाराचं. छपरावर क्रूस आणि ड्रॅगनची तोंडं शेजारी शेजारी आहेत. पूर्वी अशी शेकडो होती, आता २८ उरली. पुष्कळशी एकोणिसाव्या शतकात पाडली गेली, कारण १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये किती माणसं मावली पाहिजेत ते ठरवलं आणि ही लहान पडली. वांग गावचं चर्च तर प्रशियाच्या राजाने विकत घेतलं, ते सुटं करून नेलं, आणि ते आज पोलंडच्या डोंगरात कार्पाच इथे आहे.

युद्धात उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधलेल्या इमारतीला ऐतिहासिक म्हणायचं का?

माझं उत्तर: हो, बेलाशक. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्श हे चर्च १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, बाँबहल्ल्याच्या आगीने तापून कोसळलं. ढिगारा पंचेचाळीस वर्षं तसाच होता. १९९४ ते २००५ या काळात ते पुन्हा उभं केलं, ढिगाऱ्यातला वापरण्याजोगा दगड जमेल तिथे त्याच्या मूळ जागी बसवून. फिक्या भिंतीवरचे काळे दगड ते जुने. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीने उलट केलं: १९४० साली जळालेल्या कॅथेड्रलच्या भिंती तशाच उघड्या ठेवल्या आणि शेजारी नवं बांधलं, १९६२ साली. बोस्नियातल्या बान्या लुकाची फरहादिया मशीद १५७९ची. ७ मे १९९३ रोजी सुरुंगाने उडवली, ७ मे २०१६ रोजी पुन्हा उघडली. तारीख मुद्दाम तीच ठेवली.

आगीनंतर नोत्र दाममध्ये जुनं काय राहिलं?

पुष्कळ. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत ओकच्या लाकडांचं छत आणि टोकदार शिखर गेलं. ते शिखर १८५९चं, व्हियोले-ल-द्यूक या वास्तुकाराचं. भिंती, मनोरे, गोल गुलाब-खिडक्या आणि दगडी छताचा मोठा भाग वाचला. सुमारे दोन हजार ओक वृक्ष वापरून छत जुन्याच पद्धतीने, कुऱ्हाडीने तासून केलं. आगीमुळे अभ्यासकांना आतला सांगाडा उघडा मिळाला: बांधकामाच्या पहिल्या टप्प्यापासून, म्हणजे ११६०च्या दशकापासून, दगड लोखंडी पकडींनी जोडले होते हे तेव्हा कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

एकच इमारत अनेक धर्मांनी शांततेत वापरल्याचं उदाहरण आहे का?

लंडनचा ब्रिक लेन रस्ता. तिथली वास्तू १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनो प्रोटेस्टंटांनी बांधली. पुढे ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेली, १८९८ साली पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६ साली बांगलादेशी वस्तीची मशीद. दर वेळी आधीचे लोक जरा बऱ्या वस्तीत गेले आणि नव्याने आलेल्या गरिबांनी ती जागा घेतली. भिंतीवर १७४३ची लॅटिन ओळ असलेलं सूर्यघड्याळ अजून आहे. इथे तिकीट नाही, गर्दी नाही, आणि सहलीच्या यादीत ती कधीच नसते. असायला हवी.

देखभालीचा खर्च कोण करतं?

देशागणिक वेगळं. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यामुळे तोवर बांधलेली बहुतेक कॅथेड्रल सरकारच्या आणि गावातली चर्च ग्रामपालिकांच्या मालकीची आहेत. जर्मनीत सभासदांकडून चर्च-कर घेतला जातो. भाविक कमी झाले तिथे वापर बदलतो. मास्ट्रिख्टच्या एका मध्ययुगीन चर्चमध्ये २००६ पासून पुस्तकांचं दुकान आहे.

या सगळ्याशी महाराष्ट्र-गोव्याचा काही संबंध?

आहे, आणि थेट आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, पण त्याच्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे. १६१४ साली तो तिकडे नेला. उलट गोव्यातला समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्समध्ये घडवलेला, टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवलेला. रोमला गेलेल्या गोवेकराने जेझूमध्ये जायलाच हवं.

पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७चं. लाल विटांचं आणि गॉथिक धाटणीचं. शार्त्र-कोलोनची ती टोकदार कमान इंग्रजांमार्फत इथवर आली.

आणि घंटा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर, वाईजवळ मेणवलीचा घाट इथे त्या आजही टांगलेल्या आहेत. सांतियागोच्या घंटा परत गेल्या, या इथेच राहिल्या.

बघायला जाताना काय लक्षात ठेवावं?

जुन्या चर्चचा गाभारा साधारण पूर्वेला असतो. त्यामुळे गाभाऱ्यामागच्या काचा सकाळी आणि दारावरची गोल खिडकी दुपार कलल्यावर उजळते. लहान दुर्बीण जवळ ठेवा, काचांचं बारीक काम त्याशिवाय दिसत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. सेंट पीटर्सच्या दारातून लोकांना परत पाठवतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये, शुक्रवारी दुपारी मशिदीत आणि शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत सिनेगॉगमध्ये पर्यटक म्हणून जाऊ नये. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं; टोपी बहुधा दाराशीच मिळते. ग्रीसच्या माउंट ॲथोसवरच्या मठांत स्त्रियांना प्रवेश नाही. सग्रादा फमिलियाचं तिकीट आधीच काढा. नोत्र दाममध्ये प्रवेश मोफत आहे, शार्त्रमध्येही. पॅरिसहून शार्त्रला लोकल गाडीने साधारण तासभर लागतो, तेव्हा शक्य असेल तर तो एक अख्खा दिवस शार्त्रला द्या.